पहिल्या दिवसाचं रक्त

लकव्याचा माणूस उठून चालायला लागला की त्याच्या घराचा पत्ता गावभर होतो. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आमच्याकडे अजूनही लोक येतात. कुणाचे वडील पडलेले असतात, कुणाची सासू. चहा होईपर्यंत ते माझ्या पायाकडे आणि हाताकडे बघत बसतात, आणि मग विचारतात, "ताई, कुणाचं औषध केलं?" मी सांगते ते त्यांना फार थोडं वाटतं. काहीतरी लपवते आहे असाही काहींचा समज होतो. म्हणून जे झालं ते एकदा ओळीने लिहून काढते आहे. डाव्या हाताने लिहिते, त्यामुळे पाल्हाळ होणार नाही.

लॅब

मी जळगावात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्त काढायचं, तपासायचं, आकडा लिहायचा. लग्नाआधी कोर्स केला होता आणि मनीषा, म्हणजे माझी मुलगी, शाळेत जायला लागल्यापासून मी हेच काम करत होते. मनीषाचे पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. घरात मीही त्यांना पप्पाच म्हणते.

लॅबच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर सरोद्यांचं छोटं हॉस्पिटल होतं. सरोद्यांना एक नाद होता. लकव्याचा पेशंट आला की पहिल्याच दिवशी त्याचं रक्त ते खाली आमच्याकडे पाठवायचे. साखर, पांढऱ्या पेशी, ईएसआर. चिठ्ठीच्या कोपऱ्यात "प" लिहिलेला असायचा, पक्षाघाताचा. काही महिन्यांनी तो माणूस चालतो का, त्याचा हात हलतो का हे ते पाहायचे आणि पहिल्या दिवसाच्या रक्ताशी ताडून बघायचे. कोण उठणार आणि कोण नाही हे रक्तावरून आधीच सांगता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. घरची माणसं पहिल्या दिवसापासून हेच विचारतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं, असं ते म्हणायचे.

माझ्याबरोबर भास्करभाऊ काम करायचे, माझ्याहून वयाने मोठे. "प"ची चिठ्ठी आली की आम्हीही आमचे अंदाज बांधायचो. साखर चढलेली, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ईएसआरच्या नळीत रक्त तासाभरात बरंच खाली उतरलेलं, की भास्करभाऊ मान हलवायचे. तो पेशंट बहुधा खाटेवरच राहायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं. जे उठले त्यांची आठवण आम्ही तितकी ठेवली नसेल.

तो दिवस

मार्च संपत आला होता. सकाळची गर्दी ओसरली होती. पांढऱ्या पेशी मोजायच्या तर काचेच्या बारीक पिपेटमध्ये तोंडाने रक्त ओढून घ्यावं लागे. पिपेटची रबरी नळी ओठात धरून मी ओढत होते, आणि रक्त खुणेपर्यंत चढेना. मला वाटलं, नळी तडकली असेल. मग लक्षात आलं की माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा जाते आहे. ओठ मिटायचा प्रयत्न केला, तो मिटला नाही.

काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. पिपेट पडली होती. ती माझ्याच हातातून पडली हे मला आवाज ऐकल्यावर कळलं.

"भास्करभाऊ," मी हाक मारली. ती माझी मलाच वेगळी ऐकू आली, तोंडात घास असल्यासारखी.

ते जवळ आले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ताई, दात दाखवा बरं."

मी दाखवले असावेत.  त्यांनी आणि खालच्या मेडिकलवाल्याने मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. जिन्यात माझा उजवा पाय खुर्चीवरून लोंबत होता आणि प्रत्येक पायरीला आपटत होता. मला ते दिसत होतं, लागत नव्हतं.

दंडाला पट्टा बांधून सरोद्यांनी रक्तदाब बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. मला रक्तदाब आहे हे मला माहीत नव्हतं. डोकं दुखायचं, ते मी उन्हावर ढकलायचे. वाचणाऱ्याने बाकी काही केलं नाही तरी तेवढा पट्टा बांधून घ्यावा.

"भास्कर, रक्त घे," डॉक्टर म्हणाले.

भास्करभाऊंनी सवयीने उजवाच हात घेतला. सुई आत जाताना मी पाहिली. दुखलं नाही. मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. कोपऱ्यात "प" लिहिताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

खाट

त्या वेळी स्कॅन काढायचा तर नाशिक गाठावं लागे. एवढ्या लांब मला हलवू नये असं सरोद्यांनी ठरवलं. वरच्याच मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली.

सकाळी फरशी पुसायची, मग पट्टा, मग थर्मामीटर, मग डॉक्टर. दुपारी कूलर लावायचे, त्याच्या आवाजात कुणाचंच बोलणं धड ऐकू यायचं नाही. पाणी प्यायले की ठसका लागायचा, म्हणून सगळं घट्ट करून चमच्याने भरवायचे. पॅनवर बसवायला मनीषाचे पप्पा आणि आयाबाई अशी दोन माणसं लागायची. पहिल्यांदा मी रडले. नंतर रडले नाही. लाज वाटायलाही अंगात ताकद लागते.

चौकशीला येणारी माणसं पायथ्याशी उभी राहून माझ्याबद्दल आपसात बोलायची. तोंड वाकडं झालं की डोकंही गेलं असं लोक धरून चालतात. आयाबाई तेवढ्या थेट माझ्याशी बोलायच्या. एकदा त्यांनी खाटेच्या कडेवरून माझं डोकं खाली घेऊन, बादली ठेवून, केस धुऊन दिले. मी सांगितलं नव्हतं, कुणी पैसेही दिले नव्हते. कोमट पाणी टाळूवरून दोन्हीकडे जात होतं आणि दोन्हीकडे सारखं लागत होतं. डोक्याला अजून उजवं-डावं नाही याचं मला फार बरं वाटलं.

भडगावहून माझी आई आली. आम्ही तिला माय म्हणतो. ती गिरणाकाठच्या आमच्या गावाबाहेर फारशी पडलेली नाही. दारातच पिशवी ठेवून तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"काय व्हयनं मनी माय तुले?"

तिकडे लेकीलाही लाडाने माय म्हणतात. मी सांगायला गेले. जे निघालं ते तिला कळलं नाही. तिने पदराने माझ्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली, आणि त्या दिवसापासून दिवसभर तेच करत राहिली.

आकडा

भास्करभाऊ रोज वर येऊन बघून जायचे. थोडं बोलता यायला लागलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "माझा रिपोर्ट?"

"सगळं नॉर्मल आहे ताई."

तेवढ्यावरून मला कळलं. लॅबमधला माणूस लॅबमधल्या माणसाला नॉर्मल म्हणत नाही, आकडा सांगतो.

दुसऱ्या दिवशी राऊंडला सरोदे आले तेव्हा मी त्यांची बाही धरली, डाव्या हाताने.

"डॉक्टर, माझी साखर किती होती?"

एवढं वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. ते थांबले. नर्सला पुढे पाठवून स्टूल ओढून बसले.

"भास्करने नाही सांगितलं?"

"नॉर्मल म्हणाले."

ते थोडं हसले. "चढलेली होती. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या होत्या."

"ईएसआर?"

"तोसुद्धा."

"मग मी नाही उठणार."

"असं मी म्हटलं का?"

"तुमची रक्तं मीच तपासलीत."

"रक्तं तपासलीत, शैलाताई. माणसं नाही तपासली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. तुम्हाला डायबेटिस नाही. शरीराला मोठा दणका बसला की साखर चढते. आता दणका मोठा होता म्हणून माणूस उठत नाही, आणि साखर नुसती त्याची खूण आहे? की ती चढलेली साखरच मेंदूचं आणखी नुकसान करते? की दोन्ही? मला माहीत नाही. माहीत असतं तर मी ही रक्तं कशाला गोळा केली असती?"

"मला खोटं सांगू नका."

"माहीत नाही, हेच खरं आहे."

ते गेल्यावर मी खिडकीतून बघत राहिले. मला ते पटलं नव्हतं. इतकी वर्षं मी कितीतरी जणांच्या हातात कागद दिले होते, त्यांतल्या एकावरही "माहीत नाही" असं लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर धीर देताहेत आणि खरं काय ते रक्ताने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आहे, असं मी मनाशी धरलं. रडू आलं नाही. रिपोर्ट तयार झाल्यावर येते तशी एक प्रकारची स्वस्थता आली. आता तिच्याकडे बघताना मला वाटतं, सगळ्या आजारात ती स्वस्थताच सर्वांत वाईट होती.

कबुतर

घरी सोडल्यावर मायने आपला उपाय काढला. आमच्याकडे लकवा झालेल्या अंगाला कबुतराचं गरम रक्त चोळतात. हॉस्पिटलात तिने विषय काढला होता तेव्हा नर्स तिच्या अंगावर ओरडली होती. घरी ओरडणारं कुणी नव्हतं. गावाकडून एक माणूस झाकलेली टोपली घेऊन आला.

मी नको म्हटलं. "माय, रक्तात काही नसतं. कातडीतून आत जात नाही ते."

"तू गप ऱ्हाय. गावमां बठ्ठा लोके हाईच करतस."

गावात सगळे करतात म्हटल्यावर तिच्यापुढे काही चालणार नव्हतं. मी पप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "करू दे त्यांना. त्यांनी तरी काय करायचं?"

मागच्या अंगणात त्या माणसाने जे करायचं ते केलं आणि वाटी आत आणली. मायने माझा हात मांडीवर घेऊन खांद्यापासून बोटांपर्यंत चोळायला सुरुवात केली. मी आयुष्यभर रक्त हाताळलं होतं, पण काचेतलं. हे अंगावर होतं आणि कुठल्याही रक्तासारखं पाच-दहा मिनिटांत गोठायला लागलं. माश्या आल्या. मायचे ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती.

कोपराच्या वर मला ऊब लागली.

इतके दिवस त्या हाताला काही म्हणजे काही जाणवलेलं नव्हतं. ती ऊब रक्ताची होती, मायच्या हाताची होती, की त्याच सुमाराला संवेदना परत यायची होतीच आणि आली, हे मला सांगता येणार नाही. मायला सांगितलं तर उद्या दुसरं कबुतर येईल म्हणून मी तिला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर मी हा उपाय सांगतही नाही. पक्ष्याचा जीव जातो आणि व्यायामाचे दिवस वाया जातात. पण मायची नजर मात्र मी विसरलेले नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती तशी दुसरं कुणीच बघत नव्हतं. मी तर नाहीच.

घर

हॉस्पिटलात व्यायाम शिकवले होते. दुखऱ्या हाताची बोटं चांगल्या हाताने उघडायची, हात डोक्यावर न्यायचा, गुडघा वाकवायचा, भिंतीला धरून उभं राहायचं, रबरी चेंडू दाबायचा. सकाळी ड्युटीवर जाण्याआधी पप्पा माझी बोटं एकेक करून उघडायचे. नखांत ग्रीस असायचं. इंजिनचे नट सोडवणाऱ्या हातांना माझी मूठ सोडवायला भीती वाटायची. मोडेल की काय, म्हणायचे.

ते गेले की मी काही करायचे नाही. माय तेल लावायची, मी पडून राहायचे. संध्याकाळी ते विचारायचे, "केलंस?" चेंडू सकाळी ठेवला होता तिथेच असायचा.

एकदा त्यांचा धीर सुटला. "का करत नाहीस?"

"उपयोग नाही."

"डॉक्टरांनी असं सांगितलं?"

"रक्ताने सांगितलं."

"डॉक्टर म्हणतात माहीत नाही, आणि तू म्हणतेस माहीत आहे. मग त्यांची डिग्री तुझ्या नावावर करू का?" त्यांनी चेंडू उचलून भिंतीवर मारला. तो कॉटखाली गेला. ते बाहेर जाऊन स्कूटरवर बसून राहिले, कुठे गेले नाहीत. जेवायला हाक मारली तेव्हा आत आले, आधी कॉटखाली वाकून चेंडू काढला आणि पुसून माझ्या उशाशी ठेवला.

अशी आमची भांडणं व्हायची. आजारी माणसाशी भांडू नये असं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ते भांडत होते तोवर ते मला धरून होते.

मनीषाचा प्रश्न

मनीषा त्या वर्षी बारावीला होती. माझं आजारपण तिच्या शेवटच्या पेपरांच्या वेळी आलं होतं, तरी तिने मार्क चांगले मिळवले. तिला मास्तरीण व्हायचं होतं. धुळ्याच्या डीएडला नंबर लागला. तिथे होस्टेलवर राहावं लागणार होतं.

तेव्हा चाळीसगावहून पप्पांची मोठी बहीण आली, अक्का. अक्का वाईट नाहीत. त्यांनी स्वतःच्या सासूचं अंथरुणातलं सगळं काही वर्षं केलं होतं, त्यामुळे काय काय करावं लागतं ते त्यांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं.

"पोरगी धुळ्याला गेली तर हिला घोटभर पाणी कोण देईल?" त्या पप्पांना म्हणाल्या. "हिची माय किती दिवस पुरणार? तू तर सकाळी जातोस. एक वर्ष थांबली पोरगी तर काय बिघडतं?"

"नंबर पुन्हा लागत नाही, अक्का."

"मग नाही लागला. बायको उठणार असती तर गोष्ट वेगळी."

 पप्पांनी खुर्ची मागे सरकवलेली मला भिंतीपलीकडून ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषा माझी नखं काढायला बसली. मूठ सतत मिटलेली असली की नखं तळहातात रुततात. तिने बोटं उघडून मधे कापडाचा बोळा ठेवला आणि एकेक नख कापू लागली. मान वर न करता म्हणाली,

"आई, तुला रक्तातलं कळतं ना?"

"कळतं."

"मग खरं सांग. तू बरी होशील का? नाही म्हणालीस तर मी थांबते. मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार नाही म्हणताना तिने एक नख जरा खोलवर कापलं. मला लागलं. बधिर पडलेल्या त्या बोटाला लागलं हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, नंतर आलं.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. तीन महिने तयार होतं. "नाही" हा शब्द माझ्या जिभेला सोपाही जात होता. पण ते उत्तर मी तोवर फक्त स्वतःला दिलेलं होतं. आता समोर मुलगी बसली होती आणि त्यावर ती तिचं आयुष्य ठेवणार होती. मार्चमधल्या एका सकाळी काढलेलं थोडंसं रक्त. ते काढलं तेव्हा माझं काय झालं आहे हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्या रक्तात मनीषाच्या डीएडचं काही होतं का? माझ्या पायाचं तरी होतं का? डॉक्टर म्हणाले होते ते मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं. ते धीर देत नव्हते. त्यांना खरोखर माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "ह"वर जीभ अडखळली.

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तू जा."

"आणि तू?"

"तू जा," मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी शब्द जास्त स्वच्छ आले.

अक्का रागावून गेल्या. पप्पा मनीषाला धुळ्याला सोडून आले. तिची गादी, बादली आणि ट्रंक एसटीच्या टपावर टाकून नेली.

रिकामं घर

थोड्याच दिवसांत मायलाही जावं लागलं. शेतात पेरणी होती, भावाची बायको एकटी पडत होती. पिशवी भरताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"आते तूच कर, बाई," ती म्हणाली. "मी जलमभर थोडीच पुरसू?"

दुपारी शेजारच्या काकू डोकावून जायच्या. सकाळी पप्पा गेल्यापासून त्या येईपर्यंत घरात मी एकटी.

मी जिद्दीने उभी राहिले असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला लघवीला जायचं होतं. काकू यायला वेळ होता आणि पप्पांनी भांडं ठेवलं होतं ते मला नको होतं. लोखंडी खुर्ची जवळ होती. तिच्या पाठीला डाव्या हाताने धरून मी उठले आणि ती फरशीवर ढकलत मोरीपर्यंत गेले. उजवा पाय मागून फरफटत आला. तिथे जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तरी मी आत गेले, पाणी घेतलं, स्वतःला धुतलं. परत येताना भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिले. 

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा पडले, कपाळाला खोक पडली, आणि काकू येईपर्यंत फरशीवर पडून मी पंख्याकडे बघत होते. पण खुर्ची ढकलल्याचा खरखर आवाज मला आवडायला लागला होता. मग त्या चेंडूलाही हात घातला. पाय आधी आला. गुडघा धरायला लागला, घोटा मात्र आजही पुरता उचलत नाही. खुर्चीच्या जागी काठी आली. बोलणं हळूहळू सुधारलं. दमले की अजूनही जड होतं.

हात आला नाही. खांदा हलतो, कोपर वाकतं, मूठ अर्धी उघडते. वाटी धरता येते, सुई नाही.

माझ्यासारख्याच्या घरच्यांना मी एवढंच सांगते. माणूस कुशीवर वळवत राहा, दुखरा हात लोंबकळू देऊ नका, तो कळत नाही असं समजून त्याच्यासमोर बोलू नका. आणि एखाद्या वेळी त्याला जरा एकटं सोडा.

डॉक्टरांचा कागद

वर्षभराने सरोद्यांनी बोलावलं. त्यांना त्यांच्या अभ्यासासाठी माझा हात-पाय तपासायचा होता. चालून दाखवलं, मूठ दाबून दाखवली. ते लिहीत होते. मी विचारलं, "मला कुठे टाकलंत?"

"तीच पंचाईत आहे. पाय चांगल्यांत जातो, हात वाईटांत."

"मग?"

"मध्ये एक रकाना केलाय." ते हसले. मग म्हणाले, "पहूरचे एक शेतकरी होते, तुमच्याच सुमाराला आलेले. रक्त अगदी स्वच्छ. साखर नाही, काही नाही. मी घरच्यांना म्हटलंही, उठतील. ते अजून अंथरुणावर आहेत." कागद उलटवत म्हणाले, "रक्तात काहीतरी आहे, शैलाताई. सगळ्यांचं एकत्र बघितलं की दिसतं. एकेकाचं बघितलं की दिसत नाही."

ते मला पटलं. पुढे कधी तरी कुणाला एकेकाचंही दिसेल. तेव्हा पेशंटला विचारूनच सांगावं, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तेही लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात, ते मी बघितलं नाही.

भास्करभाऊंनी मालकांशी बोलून मला लॅबमध्ये परत घेतलं. रक्त काढायचं काम त्यांच्याकडे, मायक्रोस्कोपचं माझ्याकडे. पेशी मोजायला डोळे आणि डावा हात पुरतो.

धुळे

मनीषाचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा मी एकटीने धुळ्याला गेले. पप्पांनी सोबत यायचं म्हटलं होतं, मी नको म्हटलं. स्टँडवर त्यांनी फक्त कंडक्टरला काहीतरी सांगितलं आणि मला चढताना धरलं नाही, लांब उभे राहिले.

होस्टेलच्या फाटकाशी मनीषा उभी होती. तिच्या दोन मैत्रिणी बरोबर होत्या. त्यांतल्या एकीने माझ्या हाताकडे बघून विचारलं, "काकू, हाताला काय झालं?"

"लकवा."

"बरा होईल ना?"

मी काय सांगावं या विचारात होते, तेवढ्यात मनीषा म्हणाली, "झालाय तेवढाच बरा." इतकं साधं म्हणाली की जणू बसची वेळ सांगत होती. माझ्याविषयी असं पक्कं कुणी बोललं की मला आधी राग यायचा. त्या दिवशी आला नाही. तिने ते रक्त बघून ठरवलं नव्हतं. दीड वर्ष माझ्याकडे बघून ठरवलं होतं.

तिची खोली वरच्या मजल्यावर होती. "कठडा डाव्या हाताला आहे," ती म्हणाली आणि पुढे चढू लागली. मी तिच्यामागून चढले. तिची खोली बघितली, कॉट बघितली, तिने डब्यातली शेव आणि चहा दिला. वहीत तिने मुलांना शिकवायचे धडे काढले होते, ते दाखवले.

परत निघाले तेव्हा ती म्हणाली, "मी खालपर्यंत येते."

"नको. वरूनच बघ."

जिन्याशी आले आणि लक्षात आलं की उतरताना कठडा उजव्या हाताला येणार. उजवा हात तो धरू शकत नाही. मैत्रिणी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी काठी काखेत धरली, पाठ फिरवली, डाव्या हाताने कठडा पकडला आणि उलट्या पावलांनी उतरायला लागले. आधी दुखरा पाय खाली, मग चांगला. अशा उतरण्याने वेळ लागतो. पण तोंड वरच्या बाजूला राहतं, त्यामुळे शेवटच्या पायरीपर्यंत मनीषा मला दिसत होती.